लवकर संपलेलं नाटक

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आमच्या विभागाच्या दाराशी तिसऱ्या वर्षाची पोरं एकेक करून उभी राहतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. परवा जैनी उभी होती. एटापल्लीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, त्याच्याही आत तिचं गाव. अंगापिंडानं एवढीशी, पण आवाज असा की तिनं हळू बोलायचं ठरवलं तरी शेजारच्या कॉमर्सच्या वर्गाला ऐकू जातं.

"मॅडम, उद्या वडस्याले जाऊन राह्यली मी. सोबत काय काय नेऊ?"

"जाड चादरी. दोन. आणि कानटोपी."

"अन पुस्तकं? त्या नोट्स?"

"चादरी घालून जागा उरली तर घाल."

तिला वाटलं, मॅडम थट्टा करतात. थोडी करतच होते. पण चादरींचं मी अगदी मनापासून सांगितलं होतं. आमच्या अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक आहे, 'सर्जनशील उद्योग आणि सादरीकरण कला'. ते एका दमात म्हणता येईपर्यंत पोरं दुसऱ्या वर्षाला जातात. तिसऱ्या वर्षी मात्र नाव बाजूला राहतं आणि एक अख्खा हंगाम त्यांना एखाद्या नाटक कंपनीत काढावा लागतो. आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या या पूर्व टोकाला, धान घरात आलं की गावोगाव नाटकं सुरू होतात, आणि त्या सगळ्या नाटकांचं ठाणं म्हणजे वडसा. तिथून ट्रक निघतात, तिथेच तारखा ठरतात, तिथेच नायिका रुसतात आणि तिथेच त्यांची समजूत निघते.

जैनी गेली. मी खिडकी उघडली तर बाहेरून तणसाचा वास आला. चंद्रपूर शहर असलं तरी कुठल्यातरी ट्रॅक्टरवरून धानाचं तणस, म्हणजे पेंढा, जात असतंच या दिवसांत. तो वास आला की माझं पेपर तपासणं संपतं. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझ्याही हातात वडस्याला न्यायची पिशवी होती.

माझं गाव सिंदेवाहीजवळ. बाबा तिथल्या भात संशोधन केंद्रात शेतमजूर होते. साहेब लोक नवनवी वाणं काढत, बाबा ती चिखलात लावत, निंदत, कापत. कोणत्या वाफ्यात कोणतं बी, हे साहेबांना वहीत बघावं लागे. बाबांना चालता चालता आठवे. मी विद्यापीठात नाटकाचं शिकायला जाते म्हटल्यावर त्यांनी अडवलं नाही. पण त्यांना ते कळलंही नाही. अभ्यासक्रमाच्या नावातला 'उद्योग' ऐकून पहिले काही महिने त्यांचा समज असा होता की शेवटी मला कुठल्यातरी कारखान्यात लावतील. खरं काय ते समजल्यावर त्यांनी टोपी घातली आणि शेतावर निघून गेले.

गावात कुणी विचारलं, "पोरगी काय शिकून राह्यली?" तर बाबा म्हणत, "कालेज करते." बस. त्यापुढे एक शब्द नाही. विचारणारा म्हणे, "कायचं कालेज?" बाबा बैलाकडे वळत. मी ते दारामागून ऐकलेलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. मला राग येत नसे. वाईट वाटे. माझ्या बापाला चारचौघांत माझं शिक्षण सांगता येत नाही, हे दुखणं परीक्षेत पहिलं येऊन बरं होणारं नव्हतं.

वडस्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. हातात विळा होता, त्याला धार लावत होते.

"पाय बाई, नवं बी आलं तं आमी त्याले एक वाफा देतो. तुलेबी देतो. होळीपर्यंत. मंग मले सांग, ह्याच्यातून काय निंगते ते. नाई निंगलं काई, तं बी.एड.चा फारम भरू. मास्तरीन होशील, काई वाईट नाई."

मी हो म्हटलं. बी.एड. वाईट नाही हे मलाही माहीत होतं, म्हणून तर भीती वाटत होती. वाईट गोष्टीला नाही म्हणणं सोपं असतं.

वडस्यात उतरलं की पहिल्यांदा राईस मिलचा कोंडा नाकात जातो. त्यानंतर कानात गाणी. कंपन्यांची कार्यालयं म्हणजे दुकानाचे गाळेच. दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, वर फ्लेक्सवर नायिकेचा एवढा मोठा चेहरा आणि खाली तीच नायिका भाजीवालीशी वांग्यांवरून हुज्जत घालते आहे. आमच्या कंपनीचे मालक देवाजीभाऊ. कपाळावर चष्मा, खिशात चार पेनं आणि एकही न चालणारं. त्यांनी माझं विद्यापीठाचं पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"नाटकाची डिग्री असते?"

"असते भाऊ."

"मंग मी काऊन नापास?" असं म्हणून स्वतःच हसले आणि मला नक्कला उतरवायच्या कामाला बसवलं.

नक्कल म्हणजे नटाच्या वाट्याची कागदं. आमच्याकडे अख्खं नाटक कुणाजवळच नसतं. ते एका जाड वहीत असतं, आणि ती वही विंगेत बसून वाक्यं पुरवणाऱ्या माणसाच्या मांडीवर. बाकी प्रत्येकाला त्याची त्याची वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. एवढ्या भांडवलावर ही माणसं रात्र काढतात. तालमी दोन, फार तर तीन. विद्यापीठात आम्ही एका प्रवेशाची तालीम महिनाभर केली होती आणि शेवटी दिवा चुकला होता.

त्या गाळ्यात दुपारच्या वेळी मी पालथी मांडी घालून लिहीत बसे आणि कुसुमबाई पलीकडे ज्येष्ठमध चघळत पडलेल्या असत. कुसुमबाई म्हणजे कंपनीचा आधारवड. वय कुणी विचारत नसे. आई, सासू, विधवा, वेडी, एकदा तर इन्स्पेक्टर, सगळं त्यांनी केलेलं. लिहिता-वाचता येत असूनही नक्कल स्वतः वाचत नसत. कुणाला तरी वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. दोनदा ऐकलं की झालं. मी वाचून दाखवताना चुकून घाई केली तर एक डोळा उघडत. "हळू, बाई. कोनी मागं लागलं का?" त्यांना माझ्या शिक्षणाचं फार कौतुक. पान आणायला सुद्धा मला पाठवत नसत. "ते शिकलेली पोरगी हाय," म्हणत. या कौतुकानंच माझा घात केला.

कारण मी खरोखरच शिकलेली होते. 'प्रेक्षक अभ्यास' या पेपरात मी वर्गात पहिली आले होते. आजचा प्रेक्षक अधीर आहे, दोन-अडीच तासांच्या पुढे त्याचं लक्ष राहत नाही, कथानकाला गती हवी, पाल्हाळ म्हणजे मरण. हे मला तोंडपाठ होतं. देवाजीभाऊंनी नव्या नाटकाची जाड वही माझ्यापुढे टाकली आणि ते गावोगाव तारखा ठरवायला निघून गेले. पाच अंकांचं नाटक. मध्येच दोन भावांचं शेतावरून भांडण, मध्येच एक विनोदी जावई, त्याचा कथेशी सुतराम संबंध नाही, मध्येच एक लावणी, मध्येच तोच जावई परत. मी पेन्सिल घेतली. आधी जावई गेला. मग लावणी. मग दुसरं प्रेमप्रकरण. चौथ्या दिवशी पाचाचे तीन अंक झाले आणि नाटक असं सपासप धावायला लागलं की माझं मलाच कौतुक वाटलं. नवी वही मी सुवाच्य अक्षरात उतरवली. तिच्यावरून नक्कला केल्या. अख्खं नाटक कुणीच वाचत नसल्यामुळे काय गेलं ते कुणालाच कळलं नाही. ज्यांचे प्रवेश गेले त्या नटांना वाटलं, या नाटकात आपलं काम कमी आहे, बरं झालं.

कुसुमबाईंनी मात्र कागद हातात तोलून पाहिले.

"काऊन बाई, माही नक्कल एवढी बारीक? मी पयल्याच अंकात मरते का?"

"नाही हो कुसुमबाई, शेवटीच मरता. पण नाटकाला गती आली आहे आता."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं. तू शिकलेली हायेस," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. नेमकं हेच वाक्य पुढे कित्येक वर्षं मला आठवत राहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिला प्रयोग आरमोरीकडच्या एका गावात लागला, आणि ते गाव माझ्या आत्याचं. गावात मंडई होती, म्हणजे आमच्याकडची वर्षाची जत्रा; मंडईच्या रात्री नाटक असतंच. बाबा बहिणीकडे पाहुणे म्हणून येणार होते, आणि मला माहीत होतं, ते खरं म्हणजे वाफा बघायला येणार आहेत.

दुपारपासून गाव नुसतं फुलून गेलं होतं. बैलबंड्या, मोटारसायकली, एकेका जीपमधून पंधरा-पंधरा माणसं. प्रत्येक अंगणात चुलीवर मोठाली भांडी, वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात. आत्याच्या घरी मोजून बावीस चपला होत्या दाराशी. मी ते सगळं बघत होते आणि मला ते 'वातावरण' वाटत होतं. माझ्या टिपणवहीत तसं लिहिलंही मी: वातावरण उत्साही. दुसरं काही मला त्यात दिसलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

नाटक छान झालं, हे मला आजही म्हणायचंय. एकही वाक्य अडलं नाही, विंगेत मीच वही घेऊन बसले होते. शेवटी कुसुमबाई मेल्या, पडदा पडला आणि मांडवात एकदम शांतता पसरली. कुणी उठेना. मला वाटलं, भारावून गेले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तेवढ्यात नाटक बोलावणाऱ्या गावमंडळाचे अध्यक्ष विंगेत आले.

"पुढचा अंक कवा?"

"संपलं भाऊ. हा शेवटचाच."

"संपलं म्हनजे?" त्यांनी घड्याळात बघितलं. दीडसुद्धा झाला नव्हता. "अन हे मानसं आता कुठी जातीन?"

मी विंगेतून बाहेर बघितलं. मांडवात हजारभर माणसं पौषाच्या थंडीत तणसावर बसली होती. गावात प्रत्येक घरी पंधरा-वीस पाहुणे. जेवायला सगळ्यांना होतं. निजायला कुणालाच नव्हतं, कारण नाटकाच्या रात्री कुणी निजतच नाही. सकाळी सातला पहिली एसटी येईपर्यंत नाटक चालतं. म्हाताऱ्या मध्येच डुलकी काढतात, पोरं मांडीवर झोपतात, मीही लहानपणी अशीच झोपले होते आणि शिकता शिकता नेमकं तेच विसरले होते, विनोदी जावई आला की सगळे जागे होतात, पुन्हा डुलक्या. तो जावई कथेसाठी नव्हताच. तो त्या थंडीत माणसांना उठवून बसवण्यासाठी होता. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि कंपनीतही मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाणी ओलं असतं, हे कोण कुणाला सांगतं?

देवाजीभाऊ नव्हते. नट रंग पुसायला लागले होते. मी वही छातीशी धरून उभी होते. तेव्हा कुसुमबाई उठल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पडदा हातानं बाजूला केला आणि मेलेल्या बाईच्याच वेशात पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाप्पा, मी मेली होती," त्या म्हणाल्या, "पन लय थंडी वाजली, म्हनून उठली."

मांडव असा हसला की बैल बिचकले. मग त्यांनी गाणं धरलं. पेटीवाला धावत आला. अर्धा रंग पुसलेला खलनायक परत आला आणि दुसऱ्याच नाटकातला प्रवेश सुरू झाला, मग तिसऱ्या. ज्याला जे आठवेल ते. मला मात्र विंगेतून एकच माणूस दिसत होता. खांबाजवळ, तणसावर, आत्याच्या नातवाला शालीत गुंडाळून बाबा बसले होते. हसत नव्हते. मंचाकडेही बघत नव्हते. ते विंगेकडे बघत होते.

सकाळी एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघं उभे होतो. धुकं होतं. धानाचे रचून ठेवलेले पुंजणे ओले होऊन काळपट दिसत होते आणि शेतात लाखोरीची डाळ फुलावर आली होती. मीच बोलले.

"बाबा, नाटक मी कापलं होतं."

"समजलं मले."

"कसं?"

"कापलेलं शेत दिसते, बाई." त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुले ते लवकरचं वान आठवते? तू सातवीत होती तवा साहेबानं आनलं होतं. आजूबाजूच्या धानापेक्षा पंधरा दिवस आंधी पिकलं. साहेब लय खूश. अन सगळ्या शिवारातले पाखरं त्या एका वाफ्यावर आले. कारन दुसरं कुठी पिकलंच नव्हतं ना! मूठभर दाना नाई लागला हाती."

मी मान खाली घातली. "मग?"

"मंग काय मंग? बी खराब नव्हतं. एकट्यानं पिकलं, ते चुकलं." एसटीचे दिवे धुक्यात दिसले. बाबांनी पिशवी उचलली. "होळीले वेळ हाय अजून," एवढंच म्हणून ते चढले. हे सांत्वन होतं की ताकीद, ते मला कळलं नाही. खिडकीतून त्यांनी हात केला नाही.

देवाजीभाऊ दोन दिवसांनी आले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मी तयारीत होते. त्यांनी दोन्ही वह्या मागितल्या, जुनी आणि माझी. दुपारभर चष्मा कपाळावरून नाकावर आणि नाकावरून कपाळावर. जावई परत आला. लावणी परत आली. दुसरं प्रेमप्रकरण मात्र त्यांनी परत घेतलं नाही. "हे तू बरं काढलं," म्हणाले. "हरेक नाटकात तेच असते. बारा सालापासून मलेबी कंटाळा ये त्याचा." आणि मग म्हणाले, "आता कपड्यांच्या पेट्या पाय. कोनत्या पेटीत काय हाय, कोनाले समजत नाई."

त्या पेट्यांवर मी खरं शिक्षण वापरलं. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत कपड्यांची यादी चिकटवली, अंकवार. दिव्यांची जागा कागदावर मांडून दिली, म्हणजे नवा वायरमन आला तरी अडायला नको. नटांच्या तारखा एकमेकींवर चढत, त्यांचा भिंतीवर तक्ता केला. देवाजीभाऊ रोज त्या तक्त्यासमोर उभे राहून चहा पीत. विद्यापीठानं दिलेलं सगळंच फुकट जातं, असं मी कधी म्हणणार नाही. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, कोण कुणावर अवलंबून, हे मांडायला मला तिथेच शिकवलं. फक्त मांडायच्या आधी बघायचं असतं. बघायला शिकवता येतं का, यावर मी आज पंधरा वर्षं शिकवते आहे आणि माझं उत्तर दर हंगामाला बदलतं. परीक्षेत हा प्रश्न घालायची माझी हिंमत नाही.

मागच्या महिन्यात पालकांची सभा झाली. जैनीची आई आली होती, पदरात वाळवलेल्या आवळ्यांची पुडी घेऊन. ती माडिया बोलते, मराठी तिला समजते पण ती बोलत नाही. बराच वेळ ऐकून तिनं जैनीच्या कानात काहीतरी विचारलं. जैनी लाजली. मग म्हणाली, "मॅडम, माय इचारते, ह्याच्यातून काय होते?"

असं विचारणारी ती पहिली नव्हे. उत्तर द्यायला मी शिकले आहे: आमचा एक विद्यार्थी रेडिओवर आवाजाचं काम बघतो, एक शाळांच्या संमेलनांचे पडदे रंगवतो, दोघी कंपन्यांमध्ये आहेत, एकीनं तर स्वतःची कंपनी काढली. एक जण बँकेत आहे आणि कर्ज नाकारतानाही छान बोलतो म्हणे. हे सगळं खरं आहे. मी ते सांगितलंही. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे धुक्यातली एसटी होती, आणि मला त्या माउलीला म्हणावंसं वाटत होतं, की बाई, मलाही नक्की माहीत नाही. एक हंगाम जाऊ दे. तिनं आवळ्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की हे सगळं न म्हणताच पोचलं असावं.

माझ्या त्या हंगामात संक्रांतीला मला दोन दिवसांची सुटी मिळाली. घरी गेले तर आई तिळाचे लाडू वळत होती आणि बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मी पिशवीतून विद्यापीठात द्यायची रोजनिशी काढली आणि लिहायला लागले.

"काय लिवते?"

"रोज काय शिकले ते. गुण असतात त्याला."

"वाच."

मी वाचलं. पेट्या, दिवे, तक्ता. त्या रात्रीचं पान आलं तेव्हा मी ते हळूच उलटलं. लिहिल्या होत्या दोनच ओळी: 'प्रयोग यशस्वी. कालावधी अपेक्षेपेक्षा कमी.' बाबांना वाचता येत होतं जेमतेम, पण पान उलटल्याचा आवाज ऐकू येत होता.

"ते मंडईचं?"

"ते लिहिलं तर गुण जातील बाबा."

"मंग आमचे साहेब येडे का?" बाबांचा आवाज चढला. असा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. "पाखरांनं खाल्लेल्या वाफ्याचंबी लिवते ते. आंधी तेच लिवते. ते नाई लिवलं, तं पुढच्या साली कोनी तरी तेच पेरीन ना!"

मी त्या दोन खोट्या ओळी खोडल्या आणि दुपारभर त्या रात्रीचं सगळं लिहून काढलं. माझा गर्व, वातावरण उत्साही, कुसुमबाईंची बारीक नक्कल, कापलेला जावई, तणसावरची माणसं. सात पानं झाली. गुणांचं म्हणाल तर त्या पेपरात मला बेताचेच मिळाले. पण ती सात पानं लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की हे काम मला आवडतं. कलेबिलेचं नव्हे, हेच: माणसं कुठून येतात, कुठे बसतात, कधी परत जातात, त्यांच्या त्या एका रात्रीची तजवीज. बाबांना मी ते वाचून दाखवलं. ते तंबाखू मळत ऐकत राहिले, आणि मधल्या एका ठिकाणी, कुसुमबाई थंडी वाजली म्हणून उठल्या तिथे, त्या रात्री न आलेलं हसू त्यांना आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावात मंडळाची बैठक होती. आमचं नाटक महाशिवरात्रीला असतं. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकलेली, गावातली पुरुषमंडळी बसलेली. बाबा अशा बैठकीत कडेला बसून ऐकत. तिथे त्यांना बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. निघताना त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल."

"मी? तिथे?"

"चाल म्हनलं ना."

मी पाराच्या खाली उभी राहिले. वर नेहमीचा गोंधळ चालला होता. कोणती कंपनी, कोणतं नाटक, नायिका कोण, मागच्या साली नाचणारी बाई आलीच नाही, यंदा पक्कं करून घ्या. अध्यक्ष म्हणाले, "अरे पन कोनाले ठाऊक हाय का काई ह्यातलं?"

बाबा उठून उभे राहिले. एवढे मोठे बाबा, पण उठताना त्यांचा हात शेजारच्याच्या खांद्यावर गेला.

"माही पोरगी नाटकाचंच शिकते," ते म्हणाले. "विद्यापीठात. आता वडस्याच्या कंपनीत काम करून राह्यली. तिले इचारा."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मात्र बाबांकडे बघत होते. होळीला अजून दोन महिने होते. त्यांनी वाट बघितली नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते बसायचं विसरून तसेच उभे होते.

अध्यक्षांनी सतरंजीवर सरकून जागा केली. "ये बाई, वर ये. सांग, कोनतं नाटक आनाचं?"

चार नाटकांची नावं माझ्या ओठांवर आली. मला येत होतं सांगायला. मी वर चढले, बसले, आणि म्हटलं, "ते सांगते. आधी हे सांगा, पाहुणे किती येणार?"

मंडळाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मग बाबांनीच, उभ्याउभ्या, शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"आमच्या घरी चौदा."

"आमच्याकडं नऊ," पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अन एक लेकुरवाळी." मी वही उघडून लिहायला लागले.